खात्री कोणाची? : पोलिसी थरारपटांतील राज्यसत्तेच्या बळाची नैतिकता

प्रास्ताविक

थरारपट हा निव्वळ करमणुकीचा प्रकार समजला जातो आणि त्यामुळे राज्यशास्त्राच्या वर्गात त्याची चर्चा क्वचितच होते. वस्तुतः पोलीस अधिकारी नायक असलेला प्रत्येक थरारपट राज्यशास्त्रातील एका मूलभूत प्रश्नाला हात घालत असतो. जर्मन समाजशास्त्रज्ञ मॅक्स वेबर यांनी १९१९ साली म्युनिक येथे दिलेल्या व्याख्यानात राज्यसंस्थेची जी व्याख्या केली, तिच्यानुसार विशिष्ट भूप्रदेशात शारीरिक बळाच्या वैध वापराची मक्तेदारी यशस्वीपणे सांगणारा समुदाय म्हणजे राज्य होय. या व्याख्येचा सारा भार 'वैध' या शब्दावर आहे. बळ गुंडांच्या टोळीकडेही असते; राज्याचे बळ त्याहून वेगळे ठरते ते त्याला असलेल्या कायद्याच्या अधिष्ठानामुळे. मग गणवेशातील नायक कायद्याची चौकट ओलांडून गोळी झाडतो, तेव्हा ते बळ राज्याचे राहते काय? आणि चित्रपटगृहातील सज्जन प्रेक्षक त्या गोळीला टाळ्या का देतो? प्रस्तुत लेखात काही अमेरिकन व हिंदी चित्रकृतींच्या आधारे या प्रश्नांचा विचार केला आहे.

'डर्टी हॅरी' आणि मळलेले हात

डॉन सीगल दिग्दर्शित 'डर्टी हॅरी' हा चित्रपट १९७१ साली प्रदर्शित झाला. त्यामागील पार्श्वभूमी ध्यानात घेणे आवश्यक आहे. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९६६ मध्ये मिरांडा खटल्यात निर्णय देऊन अटकेतील संशयितास त्याच्या हक्कांची जाणीव करून देणे पोलिसांवर बंधनकारक केले होते. न्यायालये गुन्हेगारांचे लाड करीत आहेत, अशी भावना त्या काळी अमेरिकन समाजाच्या एका मोठ्या वर्गात होती. क्लिंट ईस्टवूड यांनी साकारलेला सॅन फ्रान्सिस्कोचा पोलीस निरीक्षक हॅरी कॅलहान हा त्या भावनेचा पडद्यावरील प्रतिनिधी ठरला. एका मुलीचे अपहरण करून तिला जमिनीखाली कोंडल्याचे सांगणाऱ्या खुन्याला हॅरी एका मोकळ्या क्रीडांगणावर गाठतो आणि त्याच्या जखमी पायावर पाय देऊन मुलीचा ठावठिकाणा वदवून घेतो. झडतीचा परवाना नसल्याने व छळ करून माहिती मिळविल्याने पुरावा बाद ठरतो आणि खुनी सुटतो. शेवटी हॅरी त्याला ठार करून आपला पोलिसी बिल्ला पाण्यात फेकून देतो.

'न्यू यॉर्कर'च्या समीक्षक पॉलीन केल यांनी या चित्रपटावर फॅसिस्ट वृत्तीचा ठपका ठेवला होता. तथापि त्याने उपस्थित केलेला पेच तत्त्वचिंतकांनी गांभीर्याने घेतला. मायकल वॉल्झर यांनी १९७३ साली मळलेल्या हातांच्या प्रश्नावर निबंध लिहिला. सार्वजनिक हितासाठी सत्ताधाऱ्याला कधी कधी नैतिकदृष्ट्या निषिद्ध कृत्य करावे लागेल, हे वॉल्झर नाकारीत नाहीत. परंतु ते कृत्य त्यामुळे निर्दोष ठरत नाही आणि करणाऱ्याने अपराधाचे ओझे वाहिले पाहिजे, असे त्यांचे प्रतिपादन आहे. पोलीस व्यवस्थेचे अभ्यासक कार्ल क्लॉकर्स यांनी १९८० साली तर 'डर्टी हॅरी समस्या' असेच नाव आपल्या लेखाला दिले. चांगल्या हेतूसाठी मलीन साधन वापरणाऱ्या पोलिसालाही शिक्षा झाली पाहिजे, आणि असा आग्रह धरताना आपणही त्याच पेचात सापडतो याची जाणीव समाजाने ठेवावी, असे त्यांनी सुचविले.

एक तपशील मात्र या चर्चेत बहुधा मागे पडतो. हॅरीने केलेल्या छळामुळे मुलगी वाचत नाही; ती सापडते तेव्हा मृत असते. चित्रपटाने छळाची उपयुक्तता सिद्ध केली, असे ज्यांना वाटते त्यांनी हा प्रसंग पुन्हा पाहावा.

कॅमेऱ्याने दिलेली खात्री

वरील चर्चेत नायकाचा हेतू व त्याचे साधन यांवर भर आहे. प्रेक्षकाच्या टाळीचे स्पष्टीकरण मात्र तेवढ्याने होत नाही. ते थरारपटाच्या रचनेत शोधावे लागते. 'डर्टी हॅरी'च्या आरंभीच प्रेक्षक खुन्याला उंच इमारतीच्या गच्चीवरून बंदूक रोखताना व पोहणाऱ्या तरुणीला ठार करताना पाहतो. म्हणजे पुढे ज्याचा छळ होणार आहे तो अपराधी आहे, याविषयी प्रेक्षकाच्या मनात शंकेला जागाच उरत नाही. हे ज्ञान त्याला कॅमेऱ्याने बहाल केले आहे. न्यायाधीशाला ते नाही. प्रत्यक्ष जीवनातील पोलीस अधिकाऱ्याला तर ते कधीच नसते; त्याच्यापुढे खबऱ्याची बातमी, अर्धवट साक्षी, ओळख परेड आणि वरिष्ठांचा दबाव एवढेच असते.

साक्षीपुरावा, उलटतपासणी, अटकेनंतर चोवीस तासांच्या आत दंडाधिकाऱ्यासमोर हजर करण्याची राज्यघटनेच्या अनुच्छेद २२ मधील अट, स्वतःविरुद्ध साक्ष देण्याची सक्ती न करण्याची अनुच्छेद २० मधील हमी, ही सारी व्यवस्था खात्री नसलेल्या माणसांनी खात्रीच्या जवळ जाण्यासाठी उभारलेली आहे. थरारपट ही खात्री पहिल्या दहा मिनिटांत फुकट वाटतो. त्यानंतर पडद्यावर येणारा वकील साहजिकच अडथळा वाटतो आणि न्यायाधीश निर्बुद्ध.

घड्याळाचा वापर हे याच रचनेचे दुसरे अंग होय. '२४' ही अमेरिकन मालिका नोव्हेंबर २००१ मध्ये सुरू झाली. तिचा प्रत्येक भाग कथेतील एका तासाचा असून बाँब फुटण्यापूर्वी माहिती मिळविण्यासाठी नायक जॅक बॉअर वारंवार छळाचा अवलंब करतो. वेस्ट पॉइंट येथील लष्करी अकादमीचे अधिष्ठाता ब्रिगेडियर जनरल पॅट्रिक फिनेगन यांनी नोव्हेंबर २००६ मध्ये अनुभवी चौकशी अधिकाऱ्यांसह मालिकेच्या निर्मात्यांची भेट घेतली व छळाची दृश्ये कमी करावीत असे सुचविले. आपल्या विद्यार्थ्यांवर या मालिकेचा विपरीत परिणाम होत असल्याची त्यांची चिंता होती. याउलट अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती अँटोनिन स्कॅलिया यांनी २००७ मध्ये कॅनडातील एका परिषदेत, कोणती ज्युरी बॉअरला दोषी ठरवील, असा प्रश्न केला होता. काल्पनिक पात्राचा दाखला न्यायमूर्तींच्या तोंडी यावा, हे या प्रकाराच्या प्रभावाचे बोलके उदाहरण मानावे लागेल. अनिल कपूर यांची भूमिका असलेली या मालिकेची हिंदी आवृत्ती २०१३ मध्ये भारतीय दूरचित्रवाणीवर आली.

वेळणकर ते सिंघम

मुंबईच्या पोलीस जीवनावरील हिंदी चित्रपटांत 'अर्धसत्य'चे (१९८३) स्थान वेगळे आहे. श्री. दा. पानवलकर यांच्या 'सूर्य' या मराठी कथेवर आधारित या चित्रपटाची पटकथा विजय तेंडुलकर यांची, तर दिग्दर्शन गोविंद निहलानी यांचे होते. ओम पुरी यांनी रंगविलेला अनंत वेळणकर हा प्रामाणिक, परंतु आतून धुमसणारा फौजदार आहे. गुंड रामा शेट्टीवर कारवाई करू न शकल्याचा त्याचा संताप अखेर कोठडीतील एका किरकोळ चोरावर निघतो आणि मारहाणीत तो चोर मरतो. या खटल्यातून सुटण्यासाठी वेळणकर त्याच शेट्टीच्या दारात जातो, अपमानित होतो, त्याचा गळा दाबून जीव घेतो आणि पोलिसांसमोर शरण जातो.

रामा शेट्टीचा अंत पाहताना प्रेक्षकाला समाधान वाटते खरे, परंतु त्याच हातांनी थोड्या वेळापूर्वी एका क्षुद्र चोराचा जीव घेतला आहे, हे तो विसरू शकत नाही. निरंकुश बळ कोणावर पडेल हे बळ वापरणाऱ्याच्या सचोटीवर अवलंबून नसते, एवढे कठोर सत्य मुख्य प्रवाहाच्या इतक्या जवळ राहून अन्य हिंदी पोलीसपटाने क्वचितच सांगितले असेल. वेळणकरचे शरण जाणे वॉल्झर यांच्या कसोटीलाही उतरते.

पुढील काळात ही अस्वस्थता ओसरत गेली. 'अब तक छप्पन' (२००४) या नाना पाटेकर अभिनीत चित्रपटाचे नावच चकमकीत मारलेल्यांची मोजदाद करणारे आहे. नायकाच्या कोरड्या विनोदामुळे ती मोजदाद सहज पचून जाते. रोहित शेट्टी यांचा 'सिंघम' (२०११) हा एका तमिळ चित्रपटाचा हिंदी अवतार. त्यात मराठी बाण्याचा बाजीराव सिंघम गोव्यात जयकांत शिक्रे या राजकीय गुंडाशी सामना करतो व अखेर अवघे पोलीस दल शिक्रेवर तुटून पडते. मुंबई उच्च न्यायालयाचे तत्कालीन न्यायमूर्ती गौतम पटेल यांनी सप्टेंबर २०२३ मध्ये एका कार्यक्रमात याच शेवटाचा उल्लेख करून असे चित्रपट घातक संदेश देतात, असे मत व्यक्त केले होते.

'सिंघम'मधील मूळ अन्याय मात्र लक्षणीय आहे. एक प्रामाणिक अधिकारी खोट्या आरोपांमुळे आत्महत्या करतो आणि सिंघमची बदली राजकीय हस्तक्षेपाने होते. म्हणजे चित्रपटाची खरी तक्रार पोलीस दलावरील राजकीय नियंत्रणाविषयी आहे, आणि ती रास्त आहे. सर्वोच्च न्यायालयाने प्रकाश सिंह खटल्यात २००६ साली अधिकाऱ्यांना किमान दोन वर्षांचा कार्यकाळ, तपास व कायदा-सुव्यवस्था यांची विभागणी, तसेच तक्रार प्राधिकरणे यांविषयी निर्देश दिले. महाराष्ट्राने २०१४ मध्ये पोलीस कायद्यात दुरुस्ती करून आस्थापना मंडळांची तरतूद केली. बदलीच्या दुखण्यावर हा इलाज आहे. तो पडद्यावर रंजक ठरणार नाही, हे उघड आहे. पण म्हणून गोळी हा त्या दुखण्याचा इलाज होत नाही.

पडद्याबाहेर

चकमकीतील मृत्यूंचा प्रश्न मुंबईच्या संदर्भातच न्यायालयासमोर आला होता. १९९५ ते १९९७ या काळात मुंबई पोलिसांच्या सुमारे ९९ चकमकींत सुमारे १३५ व्यक्ती मरण पावल्या, त्यांविषयीच्या याचिकेतून पीपल्स युनियन फॉर सिव्हिल लिबर्टीज विरुद्ध महाराष्ट्र राज्य हा खटला उभा राहिला. सर्वोच्च न्यायालयाने २३ सप्टेंबर २०१४ रोजी त्यात सोळा निर्देश दिले. प्रत्येक मृत्यूबाबत प्रथम माहिती अहवाल नोंदवावा, तपास गुन्हे अन्वेषण विभागाने किंवा अन्य ठाण्याच्या पथकाने करावा, दंडाधिकाऱ्यामार्फत चौकशी व्हावी, आणि घटनेनंतर लगेच संबंधितांना बढती वा शौर्य पारितोषिक देऊ नये, हे त्यांतील महत्त्वाचे होत. कायद्यात 'एन्काउंटर' नावाचा कोणताही अधिकार पोलिसांना दिलेला नाही. कोणाही नागरिकाप्रमाणे स्वसंरक्षणाचा हक्क त्यांना आहे, अटकेला विरोध झाल्यास आवश्यक तेवढे बळ वापरण्याची मुभा आहे, आणि त्यांचा वापर योग्य होता की नाही हे नंतर तपासले जाणे त्यात गृहीत आहे.

हैदराबाद येथील घटनेत ही तपासणी किती महत्त्वाची असते ते दिसून आले. नोव्हेंबर २०१९ मध्ये एका तरुण पशुवैद्यक स्त्रीवर अत्याचार होऊन तिचा खून झाला. देशभर संताप उसळला. ६ डिसेंबर रोजी पहाटे चारही संशयित पोलिसांच्या गोळीबारात ठार झाले, तेव्हा घटनास्थळी जमलेल्या लोकांनी पोलिसांवर फुले उधळली. हे चौघेच अपराधी आहेत, हे त्या जमावाला चित्रपटाच्या प्रेक्षकाइतकेच पक्के ठाऊक होते. फरक इतकाच की गुन्हा घडताना त्याने पाहिलेला नव्हता. सर्वोच्च न्यायालयाने माजी न्यायमूर्ती वि. स. सिरपूरकर यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या आयोगाचा अहवाल मे २०२२ मध्ये खुला झाला. संशयितांनी पिस्तुले हिसकावून गोळीबार केल्याची पोलिसांची हकिकत आयोगाने अविश्वसनीय ठरविली व दहा पोलिसांवर खटला चालविण्याची शिफारस केली. पुढील कारवाईचा वाद तेलंगणा उच्च न्यायालयात गेला. मृतांपैकी तिघे घटनेच्या वेळी अल्पवयीन होते, असाही आयोगाचा निष्कर्ष होता.