नागपूरची हवा: धूळ, धूर आणि राख

नागपूरच्या हवेतली घाण मुख्यतः तीन वाटांनी येते. एक शहरातल्या रस्त्यांवरून उडणारी धूळ, दुसरी वाहनांचा धूर आणि तिसरी उत्तरेकडच्या कोराडी-खापरखेड्याच्या औष्णिक वीज केंद्रांतून निघणारा धूर व राख. उन्हाळ्यात भांडेवाडीच्या कचरा डेपोला लागणाऱ्या आगी आणि हिवाळ्यातल्या शेकोट्या त्यात भर घालतात. दिल्लीसारखे दाट धुरके इथे सहसा दिसत नाही, त्यामुळे हा प्रश्न चर्चेत क्वचितच वरच्या जागी असतो.

भूगोल शहराच्या बाजूने नाही. मुंबईला समुद्रावरून येणारा वारा थोडी तरी उसंत देतो. नागपुरात हवा धुण्याचे काम फक्त पावसाळा करतो. नोव्हेंबरनंतर रात्री जमीन लवकर थंड होते, तिच्यालगतची हवा गार आणि वरची उबदार राहते. गार हवा जड असल्याने वर चढत नाही, आणि दिवसभराचा धूर सकाळी उशिरापर्यंत डोक्याच्या उंचीवर रेंगाळतो. थंडीत वारा बरेचदा उत्तर-ईशान्येकडून येतो, म्हणजे वीज केंद्रांकडून शहराकडे.

प्रदूषण मोजताना सर्वाधिक लक्ष सूक्ष्म कणांवर असते. दहा मायक्रॉन किंवा त्याहून लहान कणांना पीएम १० आणि अडीच मायक्रॉनपर्यंतच्या कणांना पीएम २.५ म्हणतात, मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. मोठे कण बरेचसे नाका-घशात अडकतात. लहान कण फुप्फुसातल्या वायुकोशांपर्यंत जातात आणि त्यांतले अतिसूक्ष्म कण रक्तात उतरतात. भारताच्या २००९ च्या मानकांनुसार पीएम १० ची वार्षिक सरासरी घनमीटरला ६० आणि पीएम २.५ ची ४० मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त नसावी. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये हीच मर्यादा अनुक्रमे १५ आणि ५ अशी सुचवली. नागपूरला भारतीय मानकही सातत्याने पाळता आले नाही, म्हणून जानेवारी २०१९ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमात त्याचे नाव आले. नीरी ही पर्यावरण अभियांत्रिकीची राष्ट्रीय संस्था १९५८ पासून याच शहरात आहे, हा योगायोग नोंदवण्यासारखा आहे.

पीएम १० मध्ये मोठा वाटा रस्त्यांच्या धुळीचा. २०१५ पासून मेट्रोची कामे, त्याच काळात उड्डाणपूल आणि टप्प्याटप्प्याने डांबरी रस्त्यांचे सिमेंटीकरण असे शहर वर्षानुवर्षे खोदलेलेच राहिले. सिमेंटचा रस्ता पक्का झाला, तरी त्याच्या कडेचा मुरूम अनेक ठिकाणी उघडाच असतो. चाकांखाली तो दळला जातो, उडतो, खाली बसतो आणि पुन्हा उडतो. वाहनांचा हिशेब वेगळा. श्रीनगर ते कन्याकुमारी आणि सुरत ते कोलकाता हे दोन महामार्ग नागपुरात भेटतात, त्यामुळे डिझेलच्या मालट्रकची ये-जा शहराच्या अंगणातून होते. डिझेलच्या धुराला कर्करोगकारक म्हणून जागतिक पातळीवर २०१२ मध्ये मान्यता मिळाली. पर्याय आजमावण्यात नागपूर मागे नव्हते. २०१४ मध्ये इथेनॉलवरची ग्रीन बस आली, २०१७ मध्ये विजेवरच्या टॅक्सींचा प्रयोग झाला. बस २०१८ मध्ये बंद पडली. शहराच्या वाट्याला प्रयोग आले, व्यवस्था आली नाही.

कोराडीचा पहिला संच १९७४ मध्ये सुरू झाला. आज तिथे ६६० मेगावॉटचे तीन मोठे संच आहेत, खापरखेड्याची क्षमता १३४० मेगावॉट आहे. कोळसा जवळच, वेस्टर्न कोलफिल्ड्सच्या खाणींत, पाणी पेंचचे. वीज केंद्रांसाठी याहून सोयीची जागा सापडणे कठीण. पण भारतीय कोळशात राख साधारण तीस ते चाळीस टक्के असते. ६६० मेगावॉटचा एक संच पूर्ण क्षमतेने दिवसभर चालला, तर ढोबळ हिशेबाने दहा हजार टन कोळसा जळतो आणि तीन हजार टनांहून अधिक राख उरते. धुरातली बहुतांश राख विजेच्या भाराने ओढून घेणारी यंत्रणा पकडते. निसटते ती सर्वांत बारीक, म्हणजे शरीराला सर्वांत घातक. शिवाय धुरातल्या सल्फर डायऑक्साइड आणि नायट्रोजनच्या ऑक्साइडांपासून हवेत नवे सूक्ष्म कण तयार होतात. ते शेकडो किलोमीटर जातात, त्यामुळे चिमणी उंच केली म्हणून प्रदूषण संपत नाही, फक्त त्याचा पत्ता बदलतो.

पकडलेली राख पाण्यात कालवून तलावांत सोडतात. पाणी आटले की उन्हाळ्याच्या वावटळीत तीच राख आसपासच्या गावांवर येते: वाळत घातलेल्या कपड्यांवर, कपाशीच्या बोंडांवर, भाजीपाल्यावर, झाकायच्या राहिलेल्या अन्नावर. पारशिवनी तालुक्यातल्या नांदगावच्या गावकऱ्यांनी तक्रारी लावून धरल्या, तेव्हा २०२२ च्या सुरुवातीला तिथे राख टाकणे थांबवण्याचा आदेश निघाला. त्याच वर्षी जुलैच्या पावसात कोराडीच्या खसाळा राख तलावाचा बांध फुटला. राख शेतांत पसरली आणि नागपूरला पाणी देणाऱ्या कन्हान नदीपर्यंत पोचली. राज्यभर दिवे लागतात, राख मात्र या पंचक्रोशीतच मुरते.

विजेचा आणि हवेचा एक संबंध घराघरात आहे. मे महिन्यात पारा पंचेचाळिशीपार जातो आणि नागपूर कूलरवर जगते. कूलर बाहेरची हवा ओढून आत सोडतो, आणि तो नीट चालायचा तर खिडकी उघडी लागते. ओल्या ताट्या जाडी धूळ थोपवतात, पण सूक्ष्म कण बऱ्याच प्रमाणात आत येतात. बंद खोलीत एसी आणि हवा शुद्ध करणारे यंत्र ज्यांना परवडते, त्यांची हवा वेगळी आणि बाकीच्यांची वेगळी.

प्रदूषणाने झालेल्या मृत्यूच्या दाखल्यावर प्रदूषण हे कारण लिहिलेले नसते. तिथे हृदयविकाराचा झटका, पक्षाघात, दमा, न्यूमोनिया किंवा सीओपीडी, म्हणजे श्वासनलिका कायमच्या आकसण्याचा आजार, अशी नावे येतात. म्हणून ही किंमत लोकसंख्येच्या पातळीवर अंदाजाने काढावी लागते. ‘लॅन्सेट प्लॅनेटरी हेल्थ’मध्ये आलेल्या अभ्यासानुसार २०१९ मध्ये भारतात १६.७ लाख मृत्यूंना प्रदूषित हवा कारणीभूत होती, म्हणजे एकूण मृत्यूंपैकी जवळपास १८ टक्के. यात घरातल्या चुलीचा धूरही धरला आहे. अकाली मृत्यू आणि आजारपणामुळे बुडालेले उत्पन्न सकल उत्पादनाच्या १.४ टक्के होते. मुले दर किलो वजनामागे मोठ्यांपेक्षा जास्त हवा घेतात आणि त्यांची फुप्फुसे वाढीच्या वयात असतात. गरोदरपणात प्रदूषित हवेशी संपर्क आला तर कमी वजनाच्या बाळाचा धोका वाढतो. चौकातला वाहतूक पोलीस, पहाटे झाडणारा सफाई कामगार, फुटपाथवरचा विक्रेता आणि ई-रिक्षावाला यांना या हवेतून रजा नसते.

शहराचा रोजचा हवा गुणवत्ता निर्देशांक मात्र यातले फार थोडे सांगतो. सतत मापन करणारी केंद्रे सिव्हिल लाइन्सच्या जीपीओजवळ, अंबाझरी, रामनगर आणि महाल येथे आहेत. महाल सोडले तर वस्त्या झाडांच्या, तुलनेने सुखवस्तू; राख तलावांजवळची गावे आणि भांडेवाडीची वस्ती या सरासरीच्या बाहेर. खर्चाचा रोखही असाच एका बाजूला झुकलेला. स्वच्छ हवा कार्यक्रमाच्या निधीचे मूल्यमापन पीएम १० वर होते, म्हणून देशभर धुळीलाच प्राधान्य मिळाले. दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंटच्या २०२४ च्या पाहणीत ६४ टक्के खर्च रस्त्यांच्या धुळीवर आणि उद्योगांवर एक टक्काही नाही, असे दिसले. यांत्रिक झाडू धूळ उचलतो, सल्फर डायऑक्साइड नाही.

त्यासाठीचा उपाय माहीत आहे. धुरातला सल्फर डायऑक्साइड धुऊन काढणारी एफजीडी यंत्रणा बसवण्याचा नियम केंद्राने डिसेंबर २०१५ मध्ये केला आणि मुदत दोन वर्षांची दिली. मुदत पुन्हा पुन्हा वाढत गेली. जुलै २०२५ मध्ये देशातल्या बहुतेक केंद्रांना त्यातून सूट मिळाली. दहा लाखांहून मोठ्या शहरांपासून दहा किलोमीटरच्या आतल्या केंद्रांना मात्र ती नाही. दरम्यान कोराडीत ६६० मेगावॉटचे आणखी दोन संच उभारण्याच्या प्रस्तावावर मे २०२३ मध्ये जनसुनावणी झाली, तेव्हा गावकरी आणि पर्यावरण कार्यकर्त्यांनी आधीच्या संचांच्या राखेचा हिशेब मागितला.