जपणं की जखडणं?

चाकणच्या एखाद्या कारखान्याच्या गेटवर शिफ्ट सुटताना उभं राहून पाहा. कंपनीच्या बसगाड्या निघत असतात, आणि त्या गर्दीत एखादा नवरा रोज न चुकता बायकोला न्यायला मोटारसायकल घेऊन आलेला दिसतो. आपण म्हणतो, 'किती जपतो हो तिला!' आमच्या गल्लीत भाड्यानं राहणाऱ्या एका जोडप्याबद्दल मीही चारचौघांत हेच म्हणत असे. एके दिवशी त्या मुलीनं माझ्या पत्नीला हळूच विचारलं, "काकी, तुमचं एटीएम कार्ड कुणाकडे असतं?"

मग एकेक गोष्ट कळत गेली. पगार तिच्या खात्यात जमा होई, पण कार्ड नवऱ्याकडे. गेटबाहेर यायला दहा मिनिटं उशीर झाला की रात्री जाब. माहेरी फोन करायचा तो स्पीकर लावून. मारहाण मात्र एकदाही नाही. त्यामुळे तक्रार तरी कशाची करायची, असं तिलाच वाटे.

या प्रकाराला 'कोअर्सिव्ह कंट्रोल' म्हणतात. आपण 'धाकाचा ताबा' म्हणू. अमेरिकी समाजशास्त्रज्ञ एव्हान स्टार्क यांच्या २००७च्या पुस्तकामुळे हा शब्द सर्वत्र पोचला. इंग्लंड आणि वेल्समध्ये २०१५पासून हा गुन्हा आहे. यातली प्रत्येक गोष्ट सुटी पाहिली तर किरकोळ वाटते. एकत्र मांडली की दिसतं, तिचा पैसा, तिचा वेळ, तिची माणसं, सगळ्यांच्या किल्ल्या एकाच खिशात आहेत.

आपल्या औद्योगिक पट्ट्यात हे सहज लपतं. भोसरी, चाकण, म्हाळुंगेला माणसं लांबून पोटासाठी येतात. माहेर दूर, खोली भाड्याची आणि शेजारी रात्रपाळी करून झोपलेला. बाईला एकटी पाडायला वेगळं काही करावंच लागत नाही.

मग काळजी कोणती आणि ताबा कोणता, हे ओळखायचं कसं? 'नाही' म्हटल्यावर काय होतं ते पाहावं. 'आज मी मैत्रिणीबरोबर येते' म्हटल्यावर काळजी करणारा फार तर रुसेल. ताबा ठेवणारा त्याची किंमत वसूल करतो.

आपल्याकडचा कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायदा २००५चा. तो २६ ऑक्टोबर २००६पासून लागू झाला. शारीरिक आणि लैंगिक छळाबरोबर शाब्दिक, भावनिक आणि आर्थिक छळही त्यात येतो. बायकोचा पगार काढून घेणं हाही छळच. हा कायदा धर्म विचारत नाही. हिंदू, मुसलमान, कुणीही बाई त्याचा आधार घेऊ शकते. लग्नाशिवाय नवरा-बायकोसारखं एकत्र राहणारीही. त्याच्या चौथ्या कलमानुसार शेजारीसुद्धा संरक्षण अधिकाऱ्याला कळवू शकतो, आणि सद्भावनेनं दिलेल्या माहितीबद्दल त्याच्यावर कारवाई होत नाही.

मात्र मदत जपून करावी. 'सोडून का देत नाहीस?' असं विचारू नये. सोडून निघण्याची वेळच बहुधा सर्वांत धोक्याची असते. नवऱ्याला परस्पर जाब विचारू नये, त्याचा राग तिच्यावरच निघतो. तिच्या फोनवर सल्ले पाठवू नयेत, फोन दुसराच कुणी वाचत असेल. ती एकटी असताना विचारावं, 'तुला काय हवंय?' आणि निर्णय तिच्यावर सोडावा. नाहीतर एकाच्या ताब्यातून सुटून ती आपल्या ताब्यात यायची. महिला हेल्पलाइनचा १८१ हा नंबर तिला तोंडी सांगून ठेवावा. जिवावर बेतलं तर ११२.

माझ्या पत्नीनं त्या मुलीला कुठलाच उपदेश केला नाही. "एक पिशवी आमच्याकडे ठेव," एवढंच म्हणाली. आधार कार्ड, पासबुक, दहावीचं प्रमाणपत्र आणि थोडे पैसे. काही महिने ती पिशवी आमच्या कपाटात होती. मग एक दिवस ती येऊन घेऊन गेली. आता ती कुठे आहे, हे मी सांगणार नाही. एवढं सांगतो, तिचं एटीएम कार्ड आता तिच्याकडे आहे.