लॅबचा रिपोर्ट आणि लॅबमधली माणसं: गैरसमज आणि वस्तुस्थिती

१९६५ साली नागपुरातल्या तापाच्या दोन रुग्णांचं रक्त पुण्याच्या व्हायरस रिसर्च सेंटरमध्ये तपासलं गेलं आणि त्यात तोवर कुणालाच माहीत नसलेला विषाणू सापडला. नागपूरच्या चांदीपुरा या जागेवरून त्याला 'चांदीपुरा' हे नाव मिळालं. २००३ मध्ये आंध्र प्रदेशातल्या मेंदूज्वराच्या साथीत ३२९ मुलं आजारी पडली, १८३ दगावली. तपासात हाच विषाणू पुढे आला. १९६५ मध्ये ते रक्त काढणाऱ्या आणि तपासणाऱ्या हातांना मात्र नळीत काय आहे याची काहीच कल्पना नव्हती.

आजही नागपुरातल्या मेडिकल, मेयो या सरकारी रुग्णालयांत किंवा धंतोलीतल्या एखाद्या पॅथॉलॉजीत पोहोचणारा प्रत्येक नमुना असाच अनोळखी असतो. रिपोर्ट अचूक येणं आणि तो तयार करणारा माणूस सुखरूप राहणं, या दोन्ही गोष्टी एकाच शिस्तीवर अवलंबून आहेत. त्या शिस्तीच्या आड येणारे काही गैरसमज पाहू.

गैरसमज १: विडाल पॉझिटिव्ह म्हणजे टायफॉइड.

वस्तुस्थिती: विडालमध्ये जंतू दिसत नाही, जंतूविरुद्ध शरीराने तयार केलेली प्रतिपिंडं मोजली जातात. पूर्वी होऊन गेलेला संसर्ग, घेतलेली लस किंवा दुसराच ताप यांमुळेही ती वाढलेली असू शकतात. उलट, खऱ्या टायफॉइडच्या पहिल्या आठवड्यात विडाल निगेटिव्ह येऊ शकते. भरवशाचा पुरावा म्हणजे रक्ताचं कल्चर. ते पहिल्या आठवड्यात आणि अँटिबायोटिक सुरू होण्याआधी घेतलं, तर जंतू सापडण्याची शक्यता सर्वाधिक असते. कोणतं औषध लागू पडेल, हेही त्यातूनच कळतं.

गैरसमज २: रिपोर्ट निगेटिव्ह आला, म्हणजे आजार नाही.

वस्तुस्थिती: तपासणी फक्त विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर देते, तेही योग्य दिवशी विचारलं तर. डेंग्यूची एनएस१ तपासणी तापाच्या पहिल्या पाचेक दिवसांत उपयोगी पडते. आयजीएम प्रतिपिंडं साधारण पाचव्या दिवसानंतर दिसू लागतात. दुसऱ्या दिवशी केलेली आयजीएम निगेटिव्ह आली, तर त्यावरून डेंग्यू नाही असं म्हणता येत नाही. २०१८ च्या पावसाळ्यात नागपूर आणि विदर्भात स्क्रब टायफसचे रुग्ण वाढले. मलेरिया, डेंग्यू, टायफॉइड या तिन्ही तपासण्या निगेटिव्ह आल्या तरी हा ताप असू शकतो. त्याची तपासणी वेगळी मागावी लागते. म्हणून लॅबच्या फॉर्मवर ताप कधी सुरू झाला आणि कोणती औषधं घेतली, हे लिहायला विसरू नका.

गैरसमज ३: टीबी रक्ताच्या तपासणीतून कळतो.

वस्तुस्थिती: रक्तातली प्रतिपिंडं मोजून टीबीचं निदान करणाऱ्या किटवर भारत सरकारने २०१२ मध्ये बंदी घातली, कारण त्यांचे निष्कर्ष दोन्ही बाजूंनी दिशाभूल करत होते. फुप्फुसाच्या टीबीसाठी बेडका तपासावा लागतो. सूक्ष्मदर्शकाखाली जंतू दिसायला एका मिलिलिटरमध्ये ते पाच ते दहा हजार तरी असावे लागतात. सीबीनॅट आणि भारतात विकसित झालेली ट्रूनॅट या तपासण्या त्याहून कितीतरी कमी जंतू ओळखतात आणि रिफाम्पिसिन या टीबीच्या मुख्य औषधाला जंतू दाद देतो का, हेही सांगतात. कल्चरला मात्र काही आठवडे लागतात. त्यासाठी आणि औषधांच्या चाचणीसाठी नागपुरात क्षयरोगाची इंटरमिजिएट रेफरन्स लॅबोरेटरी आहे.

डबीत लाळ दिली, तर ही सगळी यंत्रणा वाया जाते. खोल श्वास घेऊन, खोकून छातीतला बेडका काढावा. तोही उघड्यावर, माणसांपासून दूर. झाकण घट्ट लावावं. गळकी डबी निदान तर बिघडवतेच, शिवाय उचलणाऱ्यालाही धोक्यात टाकते.

गैरसमज ४: लॅबमधला सगळ्यात मोठा धोका एचआयव्हीचा.

वस्तुस्थिती: एचआयव्हीबाधित रक्ताची सुई टोचल्यास संसर्गाची शक्यता सुमारे ०.३ टक्के असते. लस न घेतलेल्याला हेपटायटिस बी होण्याची शक्यता मात्र ६ ते ३० टक्के. हा विषाणू वाळलेल्या रक्तातही निदान सात दिवस टिकतो. त्यावर प्रभावी लस आहे: शून्य, एक आणि सहा महिने असे तीन डोस. त्यानंतर एक-दोन महिन्यांनी संरक्षण तयार झालं का, हे रक्त तपासून पाहता येतं. लस न देता टेक्निशियनला कामाला लावणं हा अक्षम्य निष्काळजीपणा आहे.

गैरसमज ५: सुई टोचली की बोट पिळून रक्त काढावं, स्पिरिट लावावं.

वस्तुस्थिती: पिळू नये, बोट तोंडात घालू नये, स्पिरिट किंवा ब्लीच लावू नये. साबण आणि वाहत्या पाण्याने धुवावं आणि लगेच वरिष्ठांना कळवावं. एचआयव्हीची प्रतिबंधक औषधं शक्यतो दोन तासांत, फार तर ७२ तासांत सुरू व्हावी लागतात. ती २८ दिवस घ्यायची असतात. नोकरीच्या भीतीने टोचलेली सुई लपवली, तर हीच मोलाची वेळ हातची जाते. वापरलेल्या सुईला पुन्हा टोपण लावणं टाळलं, तर अशा कित्येक जखमा होणारच नाहीत.

गैरसमज ६: काही टोचलं नाही, सांडलं नाही, म्हणजे लागण होणार नाही.

वस्तुस्थिती: अमेरिकन संशोधक रॉबर्ट पाइक यांनी १९७६ मध्ये लॅबमधल्या संसर्गांच्या ३,९२१ नोंदी तपासल्या. नेमका अपघात सापडला तो पाचातल्या एकाहूनही कमी प्रकरणांत. सेंट्रिफ्यूजमध्ये फुटलेली नळी, जोरात हलवलेलं कल्चर किंवा घाईने उघडलेलं झाकण यांतून डोळ्यांना न दिसणारे तुषार उडतात आणि श्वासावाटे आत जातात. टीबी आणि ब्रुसेला या जंतूंच्या बाबतीत हाच मोठा धोका. त्यामुळे असं काम बायोसेफ्टी कॅबिनेटमध्येच व्हायला हवं. साधा कापडी मास्क इथे पुरत नाही.

गैरसमज ७: सुरक्षितता पाळली की काम रखडतं.

वस्तुस्थिती: याचं उत्तर नागपूरनेच दिलं आहे. २०२१ मध्ये इथल्या 'नीरी' या पर्यावरण संशोधन संस्थेने कोरोनासाठी सलाईन गार्गल आरटी-पीसीआर पद्धत आणली आणि तिला आयसीएमआरची मान्यता मिळाली. रुग्णाने स्वतःच सलाईनने गुळण्या करून त्या नळीत जमा करायच्या. नाकात काडी घालणाऱ्या कर्मचाऱ्याने रुग्णाच्या तोंडासमोर उभं राहण्याची गरजच उरली नाही. आरएनए वेगळं काढण्याचा महागडा टप्पाही वगळला गेला आणि साधारण तीन तासांत निष्कर्ष मिळू लागला. कर्मचाऱ्याचा धोका, रुग्णाचा त्रास आणि वेळ, तिन्ही एकदमच कमी झाले.

रुग्णाने नमुना नीट द्यावा, डॉक्टरांनी फॉर्म पूर्ण भरावा आणि लॅबमालकाने लस, हातमोजे, सुई नष्ट करण्याचं यंत्र आणि अपघातांची नोंदवही यांवर हात आखडता घेऊ नये. नमुना अनोळखी आहे हे गृहीत धरून काम करण्याएवढा वेळ आणि साधनं टेक्निशियनला मिळाली, तरच त्याने तयार केलेल्या रिपोर्टवर आपण निर्धास्तपणे उपचार सुरू करू शकतो.