गर्भाचे आठवडे कुठून मोजायचे?

"लग्नाला ६ आठवडे झाले, मग सोनोग्राफीत ८ कसे?" विजयदुर्गसारख्या गावात ही शंका एखाद्या सुनेला फार जड जाते. अहवाल चुकलेला नसतो. गर्भकाल (गरोदरपणाचे मोजलेले वय) शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून धरतात. प्रत्यक्ष गर्भधारणा त्यानंतर साधारण २ आठवड्यांनी होते, पण तो दिवस नेमका ठाऊक नसतो. पाळीची तारीख सांगता येते. भाताचे दिवसही पेरणीपासूनच मोजतात, कोंब मागाहून दिसतो.

म्हणजे '८ आठवड्यांचा' गर्भ खरा ६ आठवड्यांचा, लांबी जेमतेम दीड सेंटिमीटर. हृदयाची धडधड मात्र पडद्यावर दिसू लागलेली असते.

मोजणी कळली की एक महत्त्वाची गोष्ट लक्षात येते. मज्जानलिका (जिच्यापासून मेंदू आणि मज्जारज्जू घडतात) पाळीपासून मोजलेल्या सहाव्या आठवड्याच्या सुमारास मिटते. मळमळ बहुतेकींना तेव्हाच कुठे सुरू होते. म्हणून फॉलिक ॲसिड (रोज ४०० मायक्रोग्रॅम) दिवस राहण्याआधीपासूनच घ्यायला हवे. डोहाळ्यांची वाट पाहू नये. पाळी चुकताच आशाताईंना तारखेसह सांगावे. अंगावरून रक्त गेले किंवा पाणीही पोटात ठरेना, तर देवगडचे ग्रामीण रुग्णालय त्याच दिवशी गाठावे.