टायमिंग बेल्टचं एस्टिमेट: बेरीज नंतर, यादी आधी

समजा, एकाच डिझेल डस्टरच्या टायमिंग बेल्टसाठी तीन ठिकाणांहून भाव आले. गावातला मिस्त्री ७,००० म्हणाला, अमरावतीच्या एका मोठ्या गॅरेजने १५,५०० सांगितले आणि कंपनीच्या सर्व्हिस सेंटरने २४,००० चं एस्टिमेट छापून हातात दिलं. आकडे उदाहरणापुरते आहेत, तफावत मात्र अगदी ओळखीची आहे. वर्धा जिल्ह्यातल्या आमच्या आष्टीत असे तीन भाव आले की चर्चाही ठरलेली: मिस्त्री आपला माणूस, मधला धंदेवाला, कंपनीवाला लुटारू. यातलं एखादं खरं असेलही. पण हे तिघं एकाच कामाचा भाव सांगत आहेत का, हा प्रश्न सहसा कोणी विचारत नाही. बहुतेक वेळा ते तीन वेगवेगळ्या कामांचे भाव असतात आणि त्या तिन्ही कामांना आपण ‘बेल्ट बदलणे’ हे एकच नाव दिलेलं असतं.

त्याआधीची पायरी म्हणजे गाडीत बेल्ट आहे तरी का, हे पाहणं. हा विनोद नाही. मारुतीच्या स्विफ्ट, डिझायरपासून टाटाच्या इंडिका व्हिस्टापर्यंत कित्येक गाड्यांत बसलेल्या फियाटच्या १.३ डिझेल इंजिनात साखळी आहे. इनोव्हा क्रिस्टातही साखळीच. या गाड्यांना ‘टायमिंग बेल्ट संपला’ असं सांगून कोणी भाव देत असेल, तर तिथून निघावं. उलट डिझेल डस्टर आणि तिची बहीण टेरानो, महिंद्राची लोगन म्हणजेच नंतरची व्हेरिटो, पोलो-व्हेंटो-रॅपिडची १.५ आणि १.६ डिझेल, फोर्डची फिगो-इकोस्पोर्ट डिझेल, जुनी इंडिका, २००५ ते २०१६ दरम्यानची अडीच लिटरची इनोव्हा आणि अगदी साधी अल्टो ८०० या सगळ्यांत बेल्ट आहे. लोगन नाशिकला बनायची, पोलो चाकणला, इंडिका पिंपरीला. म्हणजे या पट्ट्यांच्या इंजिनांशी महाराष्ट्राची सोयरीक जुनी आहे. इकोस्पोर्टच्या एक लिटर इकोबूस्ट पेट्रोल इंजिनात तर बेल्ट चक्क इंजिन ऑइलमध्ये भिजून फिरतो. ते काम निराळं, त्याचा भाव बाकीच्यांशी ताडून पाहूच नये.

या यादीतल्या बऱ्याच गाड्या आता फक्त जुन्या बाजारात मिळतात. रेनोने भारतात डिझेल डस्टर २०२० मध्ये बंद केली, फोक्सवॅगनचं १.५ डिझेलही तेव्हाच गेलं, फोर्डने २०२१ मध्ये इथलं उत्पादन थांबवायचं जाहीर केलं. शहरात त्यांचे भाव पडले, तशा त्या तालुक्याच्या गावांकडे निघाल्या. संत्र्याच्या बागेपर्यंतच्या कच्च्या रस्त्याला डस्टरसारखी गाडी सोयीची आणि जुनी म्हणून परवडणारी. विकणारा हमखास सांगतो, “बेल्ट आत्ताच टाकला.” बिल दाखवलं तर टाकला, नाहीतर टाकला नाही, असंच धरून चालावं. चांगलं गॅरेज बेल्टच्या कव्हरवर किंवा बॉनेटखाली तारीख आणि किलोमीटर लिहिलेलं स्टिकर लावतं, तेही बघावं. मीटरवरच्या आकड्यावर मात्र फार भरवसा ठेवू नये, कारण मीटर मागे फिरवणं बेल्ट बदलण्यापेक्षा कितीतरी स्वस्त पडतं.

हा पट्टा करतो काय? खाली क्रँकशाफ्ट फिरतो आणि पिस्टन वरखाली होतात. वर कॅमशाफ्ट फिरतो आणि झडपा, म्हणजे व्हॉल्व्ह, उघडतात-मिटतात. क्रँकच्या दोन फेऱ्यांत कॅमची एक फेरी व्हायला हवी आणि हा हिशेब दातेरी पट्टा राखतो. इंजिन मिनिटाला २,००० फेऱ्यांवर असताना प्रत्येक पिस्टन सेकंदाला तेहतीस वेळा वर येतो. पट्टा तुटला की कॅम जागच्या जागी थांबतो, काही व्हॉल्व्ह उघडेच राहतात आणि वर येणारा पिस्टन त्यांच्यावर आदळतो. आजच्या डिझेल इंजिनांत या दोघांमध्ये जागाच इतकी कमी असते की टक्कर टळत नाही. मग हेड उतरवा, वाकलेले व्हॉल्व्ह बदला, गॅस्केट घाला; कधी पिस्टनपर्यंतही जावं लागतं. त्या बिलापुढे वरचे २४,००० किरकोळ वाटतात. रस्त्यात इंजिन एकदम बंद पडलं आणि स्टार्टर मारल्यावर नेहमीपेक्षा हलकं, मोकळं फिरल्यासारखं वाटलं, तर पुन्हा पुन्हा चावी फिरवू नका आणि चार माणसं बोलावून धक्काही मारू नका. वाचलेले व्हॉल्व्हही त्यात जातात.

सांगितलेली बेरीज थोडा वेळ बाजूला ठेवून आता यादीकडे येऊ. डस्टरचा बेल्ट काढायचा म्हणजे उजवं पुढचं चाक आणि त्यामागचं प्लास्टिक उतरवायचं, इंजिनाला खालून टेकू द्यायचा, उजवीकडचं माउंटिंग सोडायचं, बाहेरचा अल्टरनेटरचा बेल्ट काढायचा, क्रँकची पुली काढायची, कव्हर खोलायचं. मग कुठे आतला पट्टा दिसतो. मजुरी जाते ती या उघडझाकीत. पट्टा स्वतः तुलनेने स्वस्त. त्या पट्ट्याच्या वाटेवर टेन्शनर आहे, या इंजिनात वॉटर पंपही त्याच पट्ट्यावर फिरतो, आणि काही इंजिनांत आयडलर पुलीही असते. या सगळ्यांच्या आत बेअरिंग आहेत, त्यांत कारखान्यात भरलेलं ग्रीस आहे आणि ते पुन्हा भरता येत नाही. पट्ट्याने जेवढे किलोमीटर खाल्ले तेवढेच यांनीही खाल्ले. नवा पट्टा टाकला आणि सहा महिन्यांत पंपाचं बेअरिंग जाम झालं, तर नवा पट्टाही तुटतो. पंपाच्या सीलमधून कूलंट गळू लागलं तर ते थेट पट्ट्यावर पडतं.

म्हणून ७,००० च्या भावात फक्त पट्टा असेल तर तो भाव स्वस्त नाही, अर्धा आहे. उरलेला अर्धा पुढच्या वर्षी, तीच मजुरी दुसऱ्यांदा देऊन भरायचा. डस्टर, फोर्ड डिझेल, फोक्सवॅगन डिझेल यांच्यासाठी यादीत पट्टा, टेन्शनर, असल्यास आयडलर, वॉटर पंप आणि नवं कूलंट हे सगळं दिसायला हवं. क्रँकच्या पुलीचा बोल्टही. हा बोल्ट कसताना ताणला जातो आणि बऱ्याच कंपन्या तो दुसऱ्यांदा वापरू नका असं सांगतात. काही इंजिनांत पट्ट्याचं दातेरी चक्र केवळ या बोल्टच्या दाबावर क्रँकला धरून असतं, तेव्हा इथे कंजुसी नको. कॅम आणि क्रँकची ऑइल सीलं ओली दिसली तर तीही बदलावीत. पण ती ‘पाहून ठरवू’ या सदरात राहिली तरी चालेल. उघडल्याशिवाय ती दिसत नाहीत आणि प्रामाणिक मिस्त्री तसं आधीच सांगतो.

याच्या उलट बाजूही पाहावी, कारण फुगवलेलं एस्टिमेटही यादीतच पकडता येतं. जुन्या इनोव्हाच्या अडीच लिटर इंजिनात टायमिंग बेल्ट वॉटर पंप फिरवत नाही. पंप बाहेरच्या बेल्टवर चालतो. पट्टाही आखूड आणि पोहोचायला सोपा. तिथे ‘बेल्टबरोबर पंप बदलावाच लागतो’ असं कोणी म्हणालं तर कारण विचारा. पंप गळत असेल तर बदला, पण तो वेगळा मुद्दा. या इनोव्हाच्या डॅशबोर्डवर टी-बेल्टचा दिवाही आहे, ठरलेल्या किलोमीटरला तो लागतो. काम झाल्यावर तो रीसेट करणं हा कामाचाच भाग, त्याचे वेगळे पैसे कशाला? बेल्टच्या एस्टिमेटमध्ये इंजेक्टर क्लीनिंग, इंजिन ड्रेसिंग, एसीची वाफारणी अशा ओळी आल्या तर त्यांच्यावर सरळ काट मारावी. बेल्टशी त्यांचा काडीचा संबंध नाही.

आता मिस्त्रीचं नेहमीचं वाक्य: “भाऊ, बेल्ट तं मस्त दिसून राहिला, कायले बदलता?” तो फसवत नसतो. पूर्वीचे पट्टे निओप्रीन रबराचे असत, म्हातारे झाले की त्यांना भेगा पडत आणि डोळ्यांना ते कळे. आताच्या पट्ट्यांचं रबर उष्णता जास्त सोसतं आणि शेवटपर्यंत गुळगुळीत, काळंभोर राहतं; झीज होते ती दातांवर आणि आतल्या काचतंतूंच्या दोऱ्यांत. दिसण्यावरून निकाल देण्याचे दिवस गेले. मॅन्युअलमधला आकडा धरायचा, आणि तिथे बहुधा दोन आकडे असतात: इतके किलोमीटर किंवा इतकी वर्षं, जे आधी येईल ते. आपल्याकडे लोक पहिला आकडा पाठ करतात आणि दुसरा वाचतच नाहीत. आष्टी-आर्वी-वर्धा एवढ्यापुरती फिरणारी गाडी वर्षाला आठ हजार किलोमीटर धावली, तर सहा वर्षांत होतात फक्त ४८,०००. मीटर म्हणतो अजून वेळ आहे. पण त्या सहा वर्षांत पट्ट्याने वर्ध्याचे सहा उन्हाळे काढलेले असतात, ४५ अंशांवरचे, आणि बॉनेटखालचं तापमान त्याच्याही वर. मॅन्युअलमध्ये धूळ आणि अतिउष्ण हवेसाठी वेगळा, कमी आकडा दिलेला असेल, तर आपला आकडा तो. कव्हरचा एखादा क्लिप तुटला असेल तर तोही बसवून घ्या. बागेच्या रस्त्यावरचा एक खडा आत गेला तरी पुरे.

मजुरीच्या ओळीमागे खरा प्रश्न हत्यारांचा असतो. डस्टरच्या इंजिनात ब्लॉकचा एक प्लग काढून क्रँकला टेकणारी पिन घालतात, आणि कॅमच्या चक्रातल्या भोकातून दुसरी पिन थेट हेडमध्ये जाते. दोन्ही पिना बसल्या म्हणजे टायमिंग जागेवर आहे. या पिना नसलेला मिस्त्री जुन्या पट्ट्यावर आणि चक्रांवर व्हाइटनरने खुणा करतो आणि नव्या पट्ट्यावर त्या मोजून उतरवतो. अल्टोसारख्या साध्या इंजिनात, जिथे कंपनीनेच चक्रावर खुणा कोरल्या आहेत, खुणांवर काम नीट होतं. डिझेल डस्टरला किंवा पोलोला मी ते करू देणार नाही. जुना पट्टा एखादा दात सरकलेला असेल तर व्हाइटनर ती चूक इमानदारीने नव्या पट्ट्यावर उतरवतं. म्हणून भाव विचारण्याआधी विचारावं: “या गाडीचं लॉकिंग टूल आहे का?” आहे म्हणाला तर “दाखवता का?” असं विचारायलाही लाजू नये. ज्याच्याकडे असतं तो कौतुकाने दाखवतो. हत्यार असलेला गावातला मिस्त्री आणि हत्यार असलेलं अमरावतीचं गॅरेज यांत मी गावातला निवडेन. उद्या आवाज आला तर तो समोर आहे.

पार्टचं काय? टेन्शनर-पंपासकट पूर्ण किट गेट्स, कॉन्टिनेंटल, डेको, एसकेएफ, आयएनए अशा नावांचे मिळतात आणि गाडीच्या कंपनीच्या डब्यातही अनेकदा यांचाच माल असतो. आयएनए ज्या शेफलरची, तिचा कारखाना तळेगावला आहे. आपल्या तळेगाव श्यामजीपंतला नव्हे, पुण्याजवळच्या तळेगाव दाभाडेला. तेव्हा एस्टिमेटवर नुसतं ‘बेल्ट किट’ लिहिलेलं चालवून घेऊ नका. कंपनीचं नाव आणि पार्ट नंबर लिहून मागा, म्हणजे दोन एस्टिमेटं खरोखर शेजारी ठेवता येतात. नकली मालही भरपूर आहे. अधिकृत वितरकाकडून बिलावर घेतलेला डबा एवढीच त्याच्यावरची व्यवहार्य तोड. स्वतः किट आणून दिलं तर पैसे वाचतात, पण मिस्त्री म्हणेल, “पार्ट तुमचा, गॅरंटी तुमची.” त्याचं म्हणणं गैर नाही. तो बिघडलेल्या मालाची जबाबदारी का घेईल? ज्याने पार्ट आणला त्यानेच बसवला, तर बिघाडाला एकच धनी राहतो, आणि त्यासाठी हजार-पाचशे जास्त गेले तरी मला ते रास्त वाटतात.

कराची ओळही बघा. २२ सप्टेंबर २०२५ पासून गाड्यांच्या सगळ्या सुट्या भागांवर १८ टक्के जीएसटी आहे, मजुरीवरही १८. कोणी पार्टवर २८ लावला असेल तर त्याचं सॉफ्टवेअर जुनं आहे किंवा नियत. आणि नोंदणी नसलेला मिस्त्री जीएसटी लावूच शकत नाही. बिलावर कर आहे तर महाराष्ट्रातल्या गॅरेजचा २७ पासून सुरू होणारा पंधरा अक्षरांचा नंबरही हवा. करासह भाव आणि कराविना भाव यांची तुलना करून ‘तो महाग’ म्हणण्याची चूक सर्रास होते. कराविना १५,५०० म्हणजे करासह १८,२९०. कच्च्या चिठ्ठीवर काम करून घेतलं आणि महिन्याभरात इंजिन गेलं, तर हातात काहीच उरत नाही. पक्कं बिल असेल तर वर्ध्याला जिल्हा ग्राहक आयोग आहे आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराच्या तक्रारीला तिथे शुल्क लागत नाही. त्याआधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन करून पाहावा.

मग त्या तीन भावांतला कोणता? २४,००० च्या यादीतून फालतू ओळी काढायला लावा, ७,००० च्या यादीत पंप, टेन्शनर, बोल्ट आणि कूलंट घालायला लावा. तिघांचे आकडे इतके जवळ येतात की मग माणसाकडे आणि हत्यारांकडे पाहून ठरवता येतं. ठरल्यावर दोन अटी आधीच सांगून ठेवायच्या. जुना पट्टा, पंप, टेन्शनर पिशवीत घालून परत द्यायचे. मागाहून मागितले की ते भंगारात गेलेले असतात. आणि नवा पट्टा चढल्यावर क्रँकच्या बोल्टला पाना लावून इंजिन हाताने दोन पूर्ण फेऱ्या फिरवायचं, पिना पुन्हा घालून बघायच्या, टेन्शनरवरचा काटा खुणेवर आहे का पाहायचं, मगच चावी. हे पाच मिनिटांचं काम आहे आणि ते आपल्यासमोर व्हावं.

पट्टा थंड इंजिनावर ताणायचा असतो. आष्टीहून तळेगाव, तिवसा, मोझरी करत अमरावतीला पोहोचलेलं इंजिन दुपारपर्यंत तापलेलंच राहतं आणि ‘संध्याकाळी घेऊन जा’ म्हणणारं गॅरेज ते थंड व्हायची वाट पाहीलच असं नाही. गाडी आदल्या दिवशी संध्याकाळी सोडायची, एसटीने परत यायचं आणि सकाळी पट्टा ताणायच्या वेळेला हजर राहायचं.