तारुण्यपीटिका आणि मनावरील ताण

इयत्ता सहावी-सातवीपासून काही मुलामुलींच्या कपाळावर, गालांवर व हनुवटीवर पुटकुळ्या उठू लागतात. त्यांना तारुण्यपीटिका किंवा मुरुम म्हणतात. हा विकार नवा नाही. सुश्रुतसंहितेत क्षुद्ररोगांमध्ये ‘मुखदूषिका’ या नावाने त्याचे वर्णन आले असून तरुणांच्या मुखावरील या पुटकुळ्यांना काटेसावरीच्या काट्यांची उपमा दिली आहे. तथापि अस्वच्छतेमुळे किंवा मनातील वाईट विचारांमुळे मुरुम येतात, असा समज आजही पुष्कळ ठिकाणी आढळतो. तो निराधार आहे. मात्र मनाचा आणि या विकाराचा एक वेगळाच संबंध आहे, व तो शिक्षकांनी जाणून घेण्यासारखा आहे.

प्रथम विकाराचे मूळ पाहू. त्वचेवरील केसांच्या मुळांशी सूक्ष्म तैलग्रंथी असतात. चेहरा, छाती व पाठ येथे त्या अधिक व मोठ्या असतात. वयात येताना मुलांच्या तसेच मुलींच्याही शरीरात अँड्रोजेन वर्गातील संप्रेरके वाढतात व या ग्रंथींतून तेल अधिक स्रवू लागते. मृत पेशींमुळे रंध्राचे तोंड बंद झाले की तेल आत साचते, त्वचेवर नेहमी असणारे जंतू तेथे वाढतात आणि दाह होऊन पुटकुळी उठते. काही रंध्रांच्या तोंडाशी काळे ठिपके दिसतात. तो मळ नव्हे. त्वचेतील रंगद्रव्याचा हवेशी संबंध आल्याने तो रंग येतो. म्हणून कितीही घासले तरी तो जात नाही.

आता ताणाचा विचार करू. भीती किंवा चिंता उत्पन्न झाली की मेंदूतून विशिष्ट संप्रेरके स्रवतात आणि त्यांच्या प्रेरणेने मूत्रपिंडांवरील अधिवृक्क ग्रंथी कॉर्टिसॉल हे संप्रेरक रक्तात सोडतात. मेंदूच्या या संकेतांना प्रतिसाद देण्याची क्षमता तैलग्रंथींच्या पेशींतही असते. शिवाय ताणाच्या काळात झोप कमी होते, जखमा सावकाश भरतात आणि अस्वस्थ मुलाचा हात वारंवार चेहऱ्याकडे जातो.

परीक्षेच्या काळात या संबंधाची पाहणी झालेली आहे. अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठातील 22 विद्यार्थ्यांची पाहणी 2003 साली प्रसिद्ध झाली. ज्यांच्या मनावरील ताण परीक्षेत अधिक वाढला, त्यांचे मुरुमही अधिक बळावले, असे तीत आढळले. 2007 साली सिंगापूरमधील 94 माध्यमिक विद्यार्थ्यांच्या पाहणीतही असाच संबंध दिसला. परंतु तेलाच्या प्रमाणात मात्र लक्षणीय फरक आढळला नाही. म्हणजे ताणाचा परिणाम केवळ तेल वाढल्याने होतो असे नव्हे. दाह वाढणे हाही त्याचा मार्ग असावा. या पाहण्या लहान आहेत. त्यांवरून ताण हे मुरुमांचे मूळ कारण ठरत नाही. असलेल्या विकारात तो भर घालतो, एवढेच म्हणता येते.

येथेच शिक्षकाचा संबंध येतो. मुरुम आलेल्या मुलाला सोबती चिडवतात. त्या लाजेने ताण वाढतो, ताणाने पुटकुळ्या खुडल्या जातात, खुडल्याने त्या चिघळतात व कायमचे व्रण उरतात. असा मुलगा फळ्यापाशी येण्याचे टाळतो. मुलगी ओढणीने तोंड झाकून मागच्या रांगेत बसते. अशा वेळी ‘तोंड धुऊन येत जा’ एवढे शिक्षकाचे वाक्यही त्या दुष्टचक्राला गती देते. सबब पुढील गोष्टी कटाक्षाने पाळाव्यात :

1. चेहऱ्यावरून वर्गात कोणाचीही थट्टा होऊ देऊ नये, व स्वतःही तसा उल्लेख करू नये.

2. आरोग्याच्या तासाला हा विषय सर्व वर्गाला मिळून समजावून द्यावा. कोणा एकाकडे बोट दाखवू नये.

3. सौम्य साबणाने दिवसातून दोनदा तोंड धुणे पुरेसे आहे, पुटकुळ्या फोडू नयेत, लिंबू किंवा दंतमंजन चोळू नये, हे सांगावे.

4. दुकानातून परस्पर आणलेल्या स्टेरॉइडयुक्त मलमांपासून पालकांना सावध करावे. त्यांनी आरंभी गुण आल्यासारखे वाटते, परंतु पुढे त्वचा पातळ व लाल होते आणि मुरुम पुन्हा जोराने उठतात.

5. परीक्षेपूर्वी अभ्यासाची वाटणी करून द्यावी, जागरणास उत्तेजन देऊ नये व खेळाचा तास बंद करू नये.

6. मोठ्या, दुखऱ्या गाठी किंवा व्रण दिसल्यास पालकांना प्राथमिक आरोग्य केंद्रात जाण्यास सांगावे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक शाळेत येते, तेव्हाही असे विद्यार्थी दाखवावेत.

मुरुमांवर आज परिणामकारक औषधे उपलब्ध आहेत आणि ती देणे हे वैद्याचे काम आहे. वर्गातील भय व उपहास दूर करणे हे मात्र शिक्षकाच्या हाती आहे, आणि त्यास कोणताही खर्च लागत नाही.