पूर कधी सोडायचा, हे मत्स्यजिरे ठरवतात

संकटग्रस्त मासा वाचवायचा म्हटले की मत्स्यबीज केंद्रच आठवते: टाक्यांत पिल्ले वाढवा, नदीत सोडा. कोलोरॅडो नदीच्या खोऱ्याबाहेर कुठेही न आढळणाऱ्या रेझरबॅक सकरसाठी हे करून झाले. १९९१ मध्ये संकटग्रस्त ठरलेला, चाळीस वर्षांहून अधिक जगू शकणारा हा मासा सोडल्यावर तगतो, अंडीही घालतो. घोडे अडते ते पुढे. अंड्यांतून नुकतीच निघालेली सेंटीमीटरभर लांबीची पिल्ले, म्हणजे जिरे, मोठे होण्याआधीच संपतात. कमतरता आहे ती बालपण काढायच्या जागेची, आणि ती जागा म्हणजे पुराने भरणारी पाणथळ.

यूटामधल्या ग्रीन नदीवर वसंतात बर्फ वितळून पाणी चढू लागले की सकर खडीवर अंडी घालतात. जिरे वाहत येऊन काठच्या सखल भागात शिरतात. तिथले पाणी उथळ, उबदार, प्राणिप्लवकांनी भरलेले. याच नदीवरच्या फ्लेमिंग गॉर्ज धरणाने हा पूर खुजा केला. पुढे धरणातून मुद्दाम पूर सोडू लागले, पण यांपा या उपनदीच्या पुराचा कळस गाठून, पाणी जास्तीत जास्त चढावे म्हणून. जिरे मात्र बहुधा कळस ओसरल्यावर येत. २०१२ पासून क्रम बदलला: प्रकाश-सापळ्यांत जिरे दिसले की मगच धरणाचे पाणी. २०१३ च्या शरदात स्ट्यूअर्ट लेक ही पाणथळ रिकामी करताना सकरच्या शेकडो बोटुकल्या हाती लागल्या.

कार्पसारखे परके मासे पाणथळीत शिरून जिरे फस्त करतील, ही शंका रास्त आहे. म्हणून तोंडाशी जाळी असते. जिरे आत जातात, मोठे मासे बाहेर राहतात. अधूनमधून पाणथळ कोरडी केली की उरलेले परकेही संपतात. दारे आणि जाळ्या आल्या, मग ही मत्स्यशेतीच नाही का? काही अंशी आहे. पण केंद्रात आईबाप माणूस निवडतो. इथे नदीत अंडी घातलेल्या माशांची पिल्ले येतात आणि त्यांतली कोणती तगायची, हे पाणथळीतच ठरते. पाणी कुठून आणायचे, हा आक्षेप सर्वांत जड. वेळ बदलायला जास्तीचे पाणी लागत नाही हे खरे, तरी दुष्काळात नदी काठापर्यंत चढतच नाही. त्यासाठी पाणथळींची तोंडे खोल करावी लागतील. शिवाय दीर्घायुषी माशाला दरवर्षी यश मिळालेच पाहिजे असे नाही. दशकातली मोजकी चांगली वर्षेही त्याला पुरू शकतात.